नरवडे मॅडम माफ करत नसत

नरवडे मॅडम कुणालाही माफ करत नसत. वय झालं की माणसं विरघळतात, देवधर्माला लागतात, जुनी भांडणं विसरतात. मॅडमचं तसं काही झालं नाही, आणि मला त्यांची हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडायची. आमच्या कॉलेजात पाठीवर थाप मारता मारता खालची खुर्ची ओढणारे पुष्कळ होते. मॅडमना कुणाची खुर्ची ओढायचीच असती, तर त्यांनी आधी सांगून ओढली असती.

गुलमंडीवरच्या एका पेरूवाल्यानं त्यांना एकदा पिशवीच्या तळाला किडके पेरू घातले. त्या भांडायला गेल्या नाहीत. पण पुढं कित्येक हंगाम त्या त्याच्या गाडीसमोर थांबायच्या, एकेक पेरू उचलून निरखायच्या, जागच्या जागी ठेवायच्या आणि शेजारच्या गाडीवरून घ्यायच्या. शेवटी कंटाळून त्यानं गाडी औरंगपुऱ्यात हलवली. मॅडम भाजीला औरंगपुऱ्यातच जायच्या.

मी शेख. शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, इलेक्ट्रॉनिक्स विभागात, मॅडमच्या शेजारच्या टेबलावर माझी सगळी नोकरी झाली. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि मोबाइल नुकते कुठं श्रीमंतांच्या खिशात दिसायला लागले होते. मॅडम वैजापूरकडच्या शेतकरी घरातल्या. विषय इंग्रजीत शिकवायच्या, बाकी सगळं गावच्या बोलीत. आमचे विभागप्रमुख डॉक्टर रत्नपारखी त्यांना भर मीटिंगमध्ये टोकायचे, “‘हाय’ नाही मॅडम, ‘आहे’ म्हणा.” मॅडम शांतपणे म्हणायच्या, “व्हय सर.” आणि पुढच्या वाक्यात पुन्हा ‘हाय’.

त्यांचा विषय वायरलेसचा रिसीव्हर. हवेतून येणारा सिग्नल निघाला तसा पोचत नाही. भिंतींवर आपटतो, स्वतःच्याच प्रतिध्वनीत मिसळतो, वाटेत कधी फुगतो, कधी विरतो. रिसीव्हरनं त्यातून मूळ काय होतं ते ओळखायचं. हे शिकवायची मॅडमची रीत अशी, की पहिल्या दिवशी पहिल्या बाकावरच्या पोराच्या कानात एक वाक्य सांगायचं आणि ते कानोकानी शेवटच्या बाकापर्यंत न्यायचं. “पैठणला पाणी सोडलंय” असं निघालेलं वाक्य शेवटच्या बाकावर “पैठणीला पाणी लागलंय” होऊन उतरायचं. वर्ग हसायचा. मॅडम हसत नसत. त्या म्हणायच्या, “बोलणारा खोटा नाय, ऐकणारा बहिरा नाय. मधली वाट वाकडी हाय. मग वाट किती वाकडी ते कसं कळंल? आपल्याला आधीच ठाऊक हाय ते पाठवायचं, अन् येताना त्याचं काय झालं ते बघायचं.”

याला आमच्या धंद्यात पायलट म्हणतात. संदेशाच्या मधे मधे दोन्ही बाजूंना ठाऊक असलेला तुकडा पेरायचा. तो जितका बिघडून आला, तितकाच बाकीचा संदेशही बिघडलाय असं धरून दुरुस्त करायचा. बस, एवढंच. बाकीच्या लोकांच्या बाबतीत हे पुस्तकात राहिलं. मॅडमनी ते माणसांना लावलं.

त्या नेहमी स्वतःला ठाऊक असलेलंच विचारायच्या. रिक्षात बसल्या की पुंडलिकनगरच्या घरापासून कॉलेज किती लांब ते रिक्षावाल्याला विचारायच्या. त्या उत्तरावरून तो पुढं काय काय वाढवून सांगणार याचा अंदाज बांधायच्या. नवा लेक्चरर आला की, काल वर्गात किती पोरं होती, असं सहज विचारायच्या. वर्गात डोकावून त्यांनी ती आधीच पाहिलेली असायची. त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यात, अगदी गरीब स्वभावाचे. ते मला सांगायचे की बघायच्या कार्यक्रमात हिनं मला एकच प्रश्न विचारला, बारावीला गणितात किती पडले. हिनं ते माझ्या मावसभावाकडून आधीच काढले होते. मी घाबरून दोन कमीच सांगितले, म्हणून लग्न जमलं.

चुकांबद्दल त्यांचं एक म्हणणं होतं, ते त्यांच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या पोरांना पाठ असेल. रिसीव्हर दोन चुका करतो. एक, सिग्नल नसताना आला म्हणतो. दुसरी, आलेला असताना नाही म्हणतो. “पहिली चूक येड्याची,” मॅडम म्हणायच्या, “अन् दुसरी साहेबाची.” हे बोलताना त्यांची नजर रत्नपारखींच्या केबिनकडं जायची असं पोरं सांगायची. मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

आता रत्नपारखींबद्दल. आडनाव इतकं चपखल की मला त्यावर अधिक बोलायची गरज नाही. रत्न ओळखायला त्यांना जितका वेळ लागला, उचलायला त्याहून कमी लागला. माणूस टापटिपीचा. स्टाफरूमच्या खुर्च्या फरशीच्या रेघांना धरून लावायचे. कुणाच्या टेबलावर फाइल तिरकी दिसली तर जाता जाता सरळ करून जायचे. गोड बोलायचे. मला दर ईदला आठवणीनं मुबारक म्हणायचे आणि दर ईदच्या दुसऱ्याच दिवशी माझी परीक्षेची ड्युटी लावायचे.

मॅडमचं जे काम त्यांनी उचललं, त्याला मी साक्षीदार आहे, कारण जीप मी चालवत होतो. जीप माझ्या बिडकीनच्या मामूंची. कॉलेजच्या गच्चीवर ट्रान्समीटर, जीपमध्ये मागं मॅडम, मांडीवर रिसीव्हर, डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला. औरंगपुऱ्याच्या गर्दीतून निघायचं, तिथं गाडी मुंगीच्या पावलानं चालायची. पैठण रोडला लागलं की मोकळा रस्ता. बिडकीनच्या अलीकडं सिग्नल विरायचा, मग आम्ही मामूंकडं जेवायचो. मामी मॅडमसाठी वेगळ्या चुलीवर वांग्याची भाजी करायची आणि मॅडम तिला त्या वांग्याचा भाव विचारायच्या, अर्थातच ठाऊक असलेला.

मॅडमची युक्ती साधी होती. गाडी सावकाश असते तेव्हा सिग्नलची वाट हळू बदलते. तिथं पायलट लांब लांब पेरले तरी चालतं. गाडी पळायला लागली की वाट झपाट्यानं बदलते, मग पायलट दाट हवेत. तेव्हा एकूण पायलट तितकेच ठेवायचे, पण शहरात विरळ आणि बाहेर दाट टाकायचे. या विरळ-दाट मांडणीनं रिसीव्हरच्या चुका इतक्या घटल्या की मॅडमनी आकडे पुन्हा पुन्हा तपासले. त्या दिवशी त्यांनी मामीकडं दुसऱ्यांदा भात मागितला. मी त्यांना इतकं खूश पुन्हा पाहिलं नाही.

यावर मॅडमनी शोधनिबंध लिहिला. तो बाहेर पाठवायचा तर विभागप्रमुखांमार्फत, असा नियम. मॅडमनी तो त्यांच्या हातात दिला. तो त्यांच्या कपाटात मुरला, आणि एक दिवस दिल्लीच्या एका परिषदेच्या ग्रंथात छापून आला. नाव एकट्या रत्नपारखींचं. शेवटी ‘विभागातील कर्मचाऱ्यांचे आभार’.

मॅडम केबिनमध्ये गेल्या तेव्हा दार उघडंच होतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. रत्नपारखी म्हणाले, “विभागाचं काम ते विभागाचंच असतं, मॅडम. आपण सगळे एक कुटुंब आहोत.” मॅडमनी परिषदवाल्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, तक्रार संस्थाप्रमुखांमार्फत यावी. तोपर्यंत त्याच निबंधाच्या जोरावर रत्नपारखी प्राचार्य, म्हणजे संस्थाप्रमुख झाले होते. मी संचालक मंडळातल्या एकाला भेटून सगळं सांगितलं. पुढच्याच महिन्यात मला शिकवणं सांभाळून वसतिगृहाचा रेक्टरही करण्यात आलं. पोरांच्या मेसमधल्या आमटीची चव घेणं हे माझं नवं संशोधनकार्य ठरलं. त्या आमटीच्या प्रत्येक वाटीगणिक मी त्या माणसाला शिव्या दिल्या आहेत, आणि एकही परत घेणार नाही.

छापलेला निबंध मॅडमनी एकदाच वाचला. वाचता वाचता थांबल्या आणि मला मांडणीचा तक्ता दाखवला. पायलट सगळीकडं सारख्या अंतरावर होते. रत्नपारखींना विरळ-दाट मांडणी टायपिंगची चूक वाटली असणार. खुर्ची सरळ करावी तशी त्यांनी ती सरळ करून टाकली होती. खालचे आकडे मात्र मॅडमचेच, जसेच्या तसे. म्हणजे निबंधात लिहिलेल्या रीतीनं निबंधातलं उत्तर येणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, आता जाहीर करू. मॅडम म्हणाल्या, कुणाला? वाचणाऱ्याला कळलं असतं तर छापताना कळलं नसतं का? त्यांनी ग्रंथ मिटला आणि तासाला गेल्या.

काही वर्षांनी रत्नपारखींचा मुलगा निनाद आमच्याच विभागात शिकायला आला. पोरगं आळशी पण डोक्यानं तल्लख. शेवटच्या वर्षाला मॅडमचा विषय होता, आणि सगळ्या कॉलेजला वाटलं की आता मॅडम त्याची जिरवणार. प्राचार्यांनाही वाटलं. त्यांनी विषय दुसऱ्याकडं द्यायचा घाट घातला, पण तो शिकवणारं दुसरं कुणीच नव्हतं. त्यातला एक निबंध छापलेले गृहस्थ होते खरे, पण त्यांना कुणी सुचवलं नाही.

मॅडमनी निनादला नापास केलं नाही. त्यांनी त्याला शिकवलं. आयुष्यात मी असं शिकवणं पाहिलेलं नाही. वर्गात उभा करून विचारायच्या, चुकला की घरी बोलवायच्या. रविवारी दुपारी पुंडलिकनगरच्या त्यांच्या घरी तो भाकरी-ठेचा खायचा आणि फरशीवर खडूनं गणितं मांडायचा. वर्षभरात त्यांनी त्याच्या बापाबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. पोराला विषयाची चटक लागली. यजमान मला कौतुकानं म्हणाले, बघा, हिनं मनातलं सगळं काढून टाकलं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्यांना बायको कळली नव्हती.

वर्षाच्या शेवटी मॅडमनी प्रत्येकाला एक छापील निबंध दिला. त्यातला प्रयोग कॉम्प्युटरवर पुन्हा करून तेच उत्तर काढून दाखवायचं. निनादच्या वाट्याला वडिलांचा निबंध आला. पोरगं खूश होऊन घरी गेलं. मग त्याचं उत्तर येईना. त्यानं सगळं पुन्हा केलं, तरी येईना. आपलंच चुकतंय असं धरून तो रडवेला होऊन मॅडमकडं आला. मी शेजारच्या टेबलावर पेपर तपासत होतो.

मॅडमनी त्याची कागदं नीट पाहिली. “तुझ्यात चूक नाय सापडत मला,” त्या म्हणाल्या. “लिहिणाऱ्यालाच विचार की. घरीच हायेत.”

पुढचं मला निनादनंच सांगितलं. रात्री जेवताना त्यानं विचारलं की पप्पा, या मांडणीनं हे उत्तर कसं आलं? वडील आधी म्हणाले, तुझा प्रोग्रॅम तपास. मग म्हणाले, जुनी गोष्ट आहे, आठवत नाही. मग ताट बाजूला सारून म्हणाले, “नरवडेनं काय सांगितलं तुला?” निनादनं तोवर मॅडमचं नावही घेतलेलं नव्हतं. पोराला तिथं कळलं. आई वाढता वाढता हात थांबवून बघत राहिली.

निबंधात पैठण रोडचा उल्लेख होता, म्हणून तो माझ्याकडं आला आणि विचारलं, तेव्हा गाडी कोण चालवत होतं? मी त्याला जीप सांगितली, औरंगपुऱ्याची गर्दी सांगितली, मोकळा रस्ता सांगितला, मामीची वांगीसुद्धा सांगितली. फार गोड वाटलं मला ते सांगताना. त्यानं पायलट विरळ-दाट करून पाहिले. उत्तर आलं. त्या दिवसापासून तो घरात वडिलांशी बोलेनासा झाला.

त्यानंतरच्या ईदला मी शीरखुर्म्याचा डबा घेऊन मॅडमकडं गेलो होतो. वाटीत चमचा घातला तोच दारात प्राचार्य उभे. मला पाहून ते अवघडले. मी उठायला लागलो तर मॅडम म्हणाल्या, बसा शेख सर, संपवा ते. रत्नपारखी बसले. केस बरेच पांढरे झाले होते. पोरगा जेवायलाही माझ्यासमोर बसत नाही, म्हणाले. तुम्ही त्याला एवढंच सांगा, की ते आपण दोघांनी मिळून केलं होतं. तुमचं तो ऐकेल.

मॅडमनी त्यांना पाणी दिलं. “त्याला मी खोटं नाय सांगणार,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच बोला. चार लोकांत, माईकवर. ते काम नरवडेबाईचं हाय, एवढंच. मग मी स्वतः त्याला हाताला धरून तुमच्या ताटावर आणून बसवते.”

रत्नपारखींनी पाणी संपवून पेला टेबलाच्या कडेला धरून सरळ ठेवला. मग म्हणाले, निवृत्तीच्या समारंभात बोलतो. शब्द देतो. मॅडम दारापर्यंत त्यांना सोडायला गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मला म्हणाल्या, बोलंल असं वाटतंय बघा.

निवृत्तीच्या दिवशी मॅडम मोरपंखी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. शेजारी यजमान. निनादला त्यांनीच निरोप धाडून बोलावलं होतं, तो मागं भिंतीला टेकून उभा होता. रत्नपारखी माईकशी आले. संस्थेचे आभार मानले, शिपायांचे मानले, सौभाग्यवतींचे मानले. मग त्यांची नजर पहिल्या रांगेवर आली आणि जराशी थांबली. “माझ्या संशोधनात,” ते म्हणाले, “नरवडे मॅडमनी टंकलेखनाला फार मोलाची मदत केली.”

टाळ्या झाल्या. निनाद दार ढकलून निघून गेला. यजमानांनी मॅडमचा हात धरला, चल म्हणाले. मॅडम उठल्या नाहीत. सगळा कार्यक्रम बसून ऐकला, आणि नंतर पंगतीत बसून पोटभर जेवल्यासुद्धा. मी रागानं ताट घेतलं नव्हतं. मला म्हणाल्या, “जेवा की. जेवण विभागाचं हाय.” मला त्या क्षणी त्या माणसाची कॉलर धरावीशी वाटली होती. अजून वाटते.

पुढं निनाद पुण्याला रिसीव्हर बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. दिवाळीला यायचा तो आधी पुंडलिकनगरला. बापलेकांत कामापुरतं बोलणं सुरू झालं असं कानावर आलं, तेवढंच. मॅडम निवृत्त झाल्या, मी झालो. आणि एका सकाळी फोन आला की रत्नपारखी गेले. झोपेतच गेले. इतकं सोपं मरण त्यांना मिळावं याचं मला वाईट वाटलं, ते मी लपवत नाही.

कॉलेजनं शोकसभा ठेवली. आपल्याकडच्या शोकसभा कशा असतात ते सगळ्यांना माहीत आहे. व्यासपीठावर हार घातलेला फोटो, उदबत्ती, आणि एकेक वक्ता उठून गेलेल्याला संत करून खाली बसतो. मेसचा ठेकेदारसुद्धा गहिवरला. रत्नपारखीवहिनी आणि निनाद पुढं बसले होते. सूत्रसंचालन करणारा पोरगा नवा होता, त्याला मागचं काही ठाऊक नव्हतं. ‘सरांच्या जुन्या सहकारी’ म्हणून त्यानं नरवडे मॅडमचं नाव पुकारलं.

मॅडम सावकाश वर गेल्या. गुडघे दुखायला लागले होते. माईक खाली करून घेतला. आधी वहिनींकडं वळल्या.

“वहिनी, तुमचं दुःख मला दिसतंय. तरी बोलते,” त्या म्हणाल्या. “सरांनी माझं काम चोरलं. त्यांच्या नावावर छापलेलं पायलटचं काम माझं हाय. मी केलं, शेख सरांच्या मामाच्या जीपमध्ये बसून केलं. सर गेले, त्यांना शांती मिळो. काम माझं हाय.”

मॅडम पायऱ्या उतरून खाली आल्या. सूत्रसंचालकाचं तोंड उघडं राहिलं होतं. मागून कुणीतरी ‘काय हे, काय ही वेळ’ असं पुटपुटलं. तेव्हा निनाद उठला, माईकपाशी गेला आणि म्हणाला, “मॅडम बोलल्या ते खरं आहे. पुढच्या वक्त्यांनी यावं.” वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. त्यांनी मान वर केली नाही, पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

पुढच्या वक्त्यानं भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला. मी मात्र, खरं सांगतो, मेसच्या आमटीपासूनचं सगळं वसूल झाल्यासारखा बसलो होतो. आता मी त्या फोटोकडं निवांत पाहू शकत होतो. चष्मा, टाय, सगळं जागच्या जागी.

मॅडम थांबल्या नाहीत. मी मागोमाग बाहेर आलो तर त्या स्टँडवरून आपली जुनी स्कूटी काढत होत्या. पदरानं सीटवरची धूळ पुसत होत्या. त्यानंतर त्या लेकीकडं नाशिकला गेल्या आणि तिकडंच वारल्या, त्यामुळं मी त्यांना पाहिलं ते हे शेवटचं. माझ्या अंगात आनंद मावत नव्हता. मी म्हटलं, “मॅडम, फिटलं ना आज सगळं? सगळ्या गावानं ऐकलं.”

त्यांनी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. चेहरा इतका पडलेला होता की मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

“नाय फिटलं, शेख सर,” त्या म्हणाल्या. “ज्यानं ऐकाय पायजे होतं, तो तेवढा नव्हता.”